परमुलुखातला पाहुणा

पाहुणा आला की घरचे माणूस दोन पदार्थ अधिक करते, अंथरूण झटकून घालते, आणि दुसऱ्या दिवशी गावातले देऊळ, बाजार व नदीचा घाट दाखवून आणते. आपल्या गावात राहणाऱ्या यजमानाला यापलीकडे विशेष काही करावे लागत नाही. गाव त्याच्या वाडवडिलांचे असते, बोली पाहुण्याच्याच बोलीसारखी असते, आणि भाकरीला लागणारे पीठ घरच्या जात्याचे किंवा शेजारच्या गिरणीचे असते. परंतु यजमान स्वतःच जेथे परका आहे, जेथील भाषा त्याने पोटासाठी शिकून घेतली आहे, अशा परमुलुखातल्या शहरात गावाकडचा पाहुणा आला म्हणजे पाहुणचाराचे स्वरूप पार बदलते. ते कसे बदलते हे पाहावयाचे असेल तर सांगली जिल्ह्यातील आटपाडीसारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे.

आटपाडी हे माणगंगेच्या खोऱ्यातले गाव. पूर्वी ते औंध संस्थानात होते. १९४८ साली संस्थान विलीन झाल्यानंतर ते दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले, आणि १९६० साली त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. या भागास माणदेश म्हणतात. मराठी वाचकांना तो प्रामुख्याने व्यंकटेश माडगूळकरांच्या लेखनातून परिचित आहे. त्यांच्या १९५५ सालच्या ‘बनगरवाडी’च्या अखेरीस दुष्काळाने वाडी ओस पडते, हे पुष्कळांना आठवत असेल. सह्याद्रीच्या माथ्यावर रिते झालेले ढग येथपर्यंत पोहोचतात ते बहुधा कोरडेच. वर्षाकाठी वीस इंचही पाऊस पुरता पडेल याचा भरवसा नाही, आणि जो पडतो त्यातला मोठा भाग परतीच्या पावसाचा, म्हणजे भाद्रपद-आश्विनातला. अशा मुलखात बाजरी, मटकी, हुलगा पिकवून आणि मेंढरे राखून माणसे जगली. परंतु घरातल्या सर्वांना पुरेल एवढे त्या जमिनीने कधी दिले नाही.

तेव्हा माणसे बाहेर पडली. कोणी मुंबईच्या गिरण्यांत गेले, कोणी ऊसतोडीला गेले. परंतु आटपाडी, खानापूर, विटे, कवठेमहांकाळ, तासगाव या टापूतील हजारो कुटुंबांनी एक निराळाच धंदा धरला. तो म्हणजे गलाईचा, सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा. ज्या भागात सोन्याची खाण नाही, सोन्याची मोठी पेठ नाही, त्या भागातली माणसे आज दिल्ली, कोलकाता, चेन्नई, कोइमतूर, कोची अशा शहरांच्या सराफ कट्ट्यांत भट्टी पेटवून बसलेली आढळतात. केरळातील त्रिशूर हे त्यांपैकीच एक शहर. दागिने घडविण्यासाठी ते साऱ्या दक्षिणेत प्रसिद्ध आहे, आणि जेथे दागिने घडतात तेथे जुने दागिने मोडलेही जातात.

गलाईचे काम थोडक्यात असे. मोडीत आलेल्या दागिन्यात निव्वळ सोने नसते. त्यात तांबे असते, चांदी असते, डाखाचा अंश असतो. ते वेगळे करण्यासाठी हे सोने मुशीत घालून वितळवितात आणि त्यात मुद्दाम आणखी चांदी मिसळतात. सोन्याचा एक भाग आणि चांदीचे सुमारे तीन भाग, असे हे प्रमाण असते. नवख्या माणसाला याचे नवल वाटते: सोने शुद्ध करावयाचे असताना त्यात भेसळ वाढविण्याचे कारण काय? कारण असे की, सोन्याचे प्रमाण अधिक असेल तर तेजाब त्याच्या अंतर्भागात शिरू शकत नाही. चांदी पुरेशी असली म्हणजे तेजाब, म्हणजे नत्राम्ल, चांदी व तांबे विरघळवून टाकते आणि तळाशी तपकिरी, मातीसारखी दिसणारी भुकटी उरते. ती भुकटी धुऊन, टाकणखार घालून पुन्हा मुशीत वितळविली की पिवळाधमक गोळा हाती येतो. विरघळलेली चांदीही वाया जात नाही. त्या द्रावात तांब्याचे पत्रे ठेवले म्हणजे चांदी पुन्हा बाहेर पडते. सोनाराच्या दुकानातील केरमाती धुऊन त्यातील कण काढणारे झारेकरी पूर्वीपासून होतेच. गलाई हा त्यांच्याच कामाचा मोठा भाऊ होय.

या धंद्याचा पाया विश्वास हा आहे. सराफ आपले सोने ज्या माणसाच्या हाती देतो तो त्याच्या जातीचा नसतो, भाषेचा नसतो, गावचाही नसतो. वजनात आणि कसात एकदा खोट निघाली की पेठेतून पाय निघालाच म्हणून समजावे. त्यामुळे भट्टीवर काम करणारा पोरगा ओळखीचा लागतो. भाचा, पुतण्या, मेहुणा, नाही तर गावच्या शेजाऱ्याचा मुलगा. गलाईवाल्याच्या घरी येणाऱ्या पाहुण्याचे महत्त्व येथे ध्यानात येते. तो केवळ चार दिवसांचा पाहुणा नसतो. गाव आणि शहर यांमधील तो दूत असतो. त्याने परत जाऊन जे सांगावे, त्यावर पुढचा पोरगा त्या शहरात यावयाचा की नाही हे ठरते.

पाहुण्यांचा हंगाम चैत्र-वैशाखाचा. शेतात काम नसते, शाळांना सुटी असते, आणि गावाकडे विहिरींचा तळ दिसू लागलेला असतो. एखादे मामा-मामी, बरोबर दोन मुले आणि एखादा सोळा-सतरा वर्षांचा भाचा, असा जथा मिरजेस आगगाडीत बसतो. १९९८ साली कोकणातील लोहमार्ग पुरता सुरू झाल्यापासून हा प्रवास सोपा झाला आहे. गोवा, कारवार, मंगळूर, कोळिकोड ही गावे मागे टाकीत, सुमारे हजार किलोमीटर चालून गाडी त्रिशूरला येते. सामानात बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मटकी-हुलग्याची पुरचुंडी, आणि अलीकडे माणदेशाचे भूषण झालेली डाळिंबे असतात. यजमानाच्या बायकोला या पिशवीचे जितके अगत्य असते तितके दागिन्याचेही नसेल. केरळात तांदूळ मुबलक, तोही जाड, तांबूस, उकडा. परंतु बाजरीचे पीठ मिळवावयाचे तर दहा ठिकाणी विचारावे लागते.

घर बहुधा लहान असते. खाली किंवा मागच्या अंगास भट्टी, वर दोन खोल्या. आणि त्यांतच मालकाचे कुटुंब व कामाची दोन-तीन पोरे. पाच पाहुणे आले म्हणजे पोरे दुकानातच पथाऱ्या टाकतात. यजमान ही अडचण हसत सोसतो, कारण गावाकडे आपल्याविषयी काय बोलले जाते याची त्याला कल्पना असते. ‘सोन्यात हात घालून बसलाय’ अशी त्याची ख्याती असते. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला त्याने दिलेली रक्कम दगडावर कोरलेली असते. तेव्हा पाहुण्यांच्या समोर दोन खोल्यांचे घर दाखविताना त्याला किंचित अवघडल्यासारखे होते, आणि मग तो शहर दाखविण्याच्या कामी अधिकच उदार होतो. मोटार ठरवितो, मोठ्या खाणावळीत नेतो, दुकान दोन दिवस दुसऱ्यावर सोपवितो. पाहुण्यांना वाटते, याचे बरे चालले आहे. यजमानाचा हा थाट खोटा म्हणता येणार नाही; परंतु तो पुरता खराही नसतो.

शहर दाखविण्याचा क्रम मात्र विचाराने ठरवावा लागतो. हजार किलोमीटर आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी कोठेही नेऊ नये. त्याला आंघोळ, भात-आमटी आणि झोप हवी असते. समंजस यजमान पहिल्या संध्याकाळी फार तर वडक्कुन्नाथाच्या देवळापर्यंत पायी नेतो. शहराच्या मध्यभागी उंचवट्यावर हे शिवाचे जुने देऊळ आहे. भोवती तेक्किनकाडु नावाचे विस्तीर्ण मैदान आणि मैदानाभोवती गोल फिरणारा रस्ता. या रस्त्याला स्वराज राउंड म्हणतात. गर्भगृहातील लिंग तुपाच्या अभिषेकाने साचलेल्या तुपाच्या थराखाली झाकलेले असते. पिंडीवर पाण्याची धार धरण्याची सवय असलेल्या माणदेशी माणसाला हे पाहून विचार पडतो. ‘आपल्याकडं देवाला पाणी मिळंना, हितं तूप!’ असे एखादी मामी बोलून जाते. त्या बोलण्यात तक्रार नसते. दोन मुलखांतले अंतर तिने एका वाक्यात मोजलेले असते.

दुसरा किंवा तिसरा दिवस गुरुवायूरचा. त्रिशूरपासून सुमारे तीस किलोमीटरांवरील हे श्रीकृष्णाचे क्षेत्र केरळात सर्वांत गजबजलेल्या क्षेत्रांपैकी एक आहे. तेथे पुरुषांना अंगातील सदरा काढून, कमरेला मुंडू म्हणजे लुंगीसारखे धोतर नेसून आत जावे लागते. यात गंमत अशी होते की, आयुष्यभर धोतर नेसलेले थोरले मामा निःसंकोच पुढे होतात आणि विजार घालणारा शिकलेला भाचा मुंडू सावरीत मागे राहतो. यजमानाने ही गोष्ट घरीच सांगून ठेवावी. देवळाच्या दारात, परक्या गर्दीत, पाहुण्याची फजिती होऊ देणे हा पाहुणचारातील मोठा दोष होय. कोठे काय नेसावे, पादत्राणे कोठे ठेवावीत, प्रसाद कसा मिळतो, पुजाऱ्याच्या हातून तो दुरून का दिला जातो, हे आधी कळले म्हणजे मनुष्य निर्धास्त होतो आणि मगच त्याला देव दिसतो.

गुरुवायूरच्या जवळच पुन्नत्तूर कोट्टा येथे देवस्थानचे हत्ती ठेवलेले आहेत. सुशिक्षित पाहुणा येथे छायाचित्रे काढतो. माणदेशी शेतकरी मात्र हत्तीकडे जनावर राखणाऱ्याच्या नजरेने पाहतो. खरसुंडीच्या यात्रेत खिल्लार खोंडाचे दात, खूर आणि वशिंड पारखणारा तो माणूस माहुताला पहिला प्रश्न विचारतो तो वैरणीचा. एका हत्तीस दिवसाला दीडशे-दोनशे किलो हिरवा चारा लागतो हे ऐकून तो गप्प होतो. दुष्काळात चारा छावणीच्या दावणीस बैल बांधून बसलेले दिवस त्याला आठवत असतात. यजमानाला हा प्रश्न पूर्वी कधी सुचलेला नसतो. दहा वर्षे तो हत्ती पाहत आला. ते काय खातात हे त्याला पाहुण्याने शिकविले.

परमुलुखातील पाहुणचाराचा हा लाभ फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पोटासाठी आलेला मनुष्य शहर पाहत नाही. तो घर, दुकान, पेठ आणि बँक एवढ्या चार बिंदूंमध्ये फिरत असतो. वल्लत्तोळ या मलयाळी महाकवींनी १९३० साली स्थापिलेले कलामंडलम त्रिशूरपासून फार दूर नाही, चेरुतुरुत्तीला, भारतप्पुळा नदीच्या काठी आहे. कथकळीचे शिक्षण तेथे चालते. तेथे यजमान प्रथम जातो तो बहुधा पाहुण्यांना घेऊनच. त्रिशूरचा प्रसिद्ध पूरम उत्सव अठराव्या शतकाच्या अखेरीस कोचीचे राजे शक्तन तंपुरान यांनी सुरू केला. एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे नेमका पाहुण्यांच्याच हंगामात, तो भरतो. समोरासमोर उभे राहिलेले तीस हत्ती, त्यांवर क्षणाक्षणाला बदलणाऱ्या रंगीत छत्र्या, आणि शेकडो वादकांचा तालावर वाढत जाणारा गजर. एरवी त्या दिवशी गर्दीला कंटाळून दुकानाची फळी लावून घेणारा यजमान पाहुण्याच्या पोराला खांद्यावर घेऊन मैदानात उभा राहतो, आणि हे शहर आपलेही आहे असे त्याला त्या वेळी वाटून जाते.

परंतु पाहुण्याला खरोखर काय आवडेल याचा अंदाज पुष्कळदा चुकतो. यजमान देवळे, हत्ती आणि धबधबा दाखवितो. पाहुणा घरी परतल्यावर आठवण काढतो ती विहिरींची. केरळात जवळजवळ प्रत्येक घराच्या परसात विहीर असते. माणदेशात विहीर ही इस्टेट आहे. तिच्यात भावाभावांचे हिस्से असतात, पाण्याच्या पाळ्या असतात, त्यांवरून कज्जेही होतात. येथे मात्र दहा पावलांवर एका घराची आणि आणखी दहा पावलांवर दुसऱ्या घराची विहीर पाहून मामी प्रत्येक काठावर वाकून आत डोकावते. शेजारीण हसून काही विचारते. भाषा कळत नाही, पण बादली पुढे येते. मलयाळीत पाण्याला ‘वेळ्ळम्’ म्हणतात आणि चांदीला ‘वेळ्ळी’. गलाईवाल्याच्या घरी येऊन मामी जे दोन शब्द शिकते ते हेच, आणि दोहोंतला भेद ध्यानात ठेवणे तिला जड जाते. ज्या मुलखातून ती आली तेथे तो भेद तितकासा मोठा नाही.

मग पाऊस. केरळात वर्षाकाठी सरासरी एकशे वीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि मोसमी वारा साधारणतः १ जूनला तेथे पोहोचतो. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी पाहुण्याला घरी पोहोचणे भाग असते, कारण पेरणीची तयारी असते. त्यामुळे पुष्कळदा असे घडते की, निघण्याच्या आदल्या दिवशीच आभाळ भरून येते आणि पावसाला सुरुवात होते. मामा ओसरीत खुर्ची टाकून तासन् तास पाहत बसतात. ‘हा कवा थांबतो?’ असे ते विचारतात. ‘आता थांबत नाही, दसऱ्यापर्यंत आहे,’ असे उत्तर येते. मामा मान हलवितात आणि पुन्हा पाहू लागतात. दुसऱ्या दिवशी गाडी उत्तरेस निघते, आणि मोसमी वाराही त्याच किनाऱ्याने उत्तरेस निघालेला असतो. मात्र गाडी आटपाडीच्या दिशेने वळते तेव्हा पाऊस सह्याद्रीपलीकडेच राहतो. परमुलुखातील यजमान दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात घरी दूरध्वनी करतो आणि खुशाली विचारण्याच्या आधी सांगतो, ‘हिकडं सुरू झाला.’ गावाकडे त्या एका वाक्यावर चार दिवस बोलणे चालते.

येथपर्यंतचा पाहुणचार आनंदाचा. परंतु पाहुण्याबरोबर तो सोळा-सतरा वर्षांचा भाचाही आलेला असतो, आणि त्याला शहर दाखविण्यासाठी आणलेले नसते. ‘ह्याला तुमच्याजवळ ठेवून घ्या’ हे वाक्य तिसऱ्या-चौथ्या दिवशी, जेवणे आटोपल्यावर, पान लावताना निघते. यजमानाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. त्याच्या पाहुणचाराची खरी परीक्षा येथे आहे. गेले तीन दिवस त्याने मोटार, देऊळ आणि खाणावळ दाखविली. पोराच्या डोळ्यांपुढे तेच शहर आहे. भट्टीची खोली त्याने दारातून पाहिली असेल, तीही बंद असताना.

जो यजमान विचारी असतो तो चौथ्या दिवशी पोराला आणि त्याच्या मामांना सकाळी भट्टीवर घेऊन जातो. तेजाबात चांदी विरघळू लागली म्हणजे तांबूस धूर उठतो. तो छातीस अपायकारक असतो. धुराडे उंच आणि खेच चांगली असेल तर निभावते. नसेल तर खोकला कायमचा जडतो. हातावर तेजाबाचा थेंब पडला तर डाग राहतो, कपड्यावर पडला तर भोक पडते. मे महिन्यात दमट हवेत भट्टीपुढे उभे राहणे म्हणजे काय हे शब्दांनी सांगता येत नाही. तेथे पाव तास उभे केले म्हणजे पोराला कळते. मग त्याला वही दाखवावी: दररोज किती माल येतो, गाळणावळ किती मिळते, जागेचे भाडे किती, घट किती धरावी लागते. धंद्यावर आलेली संकटेही सांगावीत. १९६३ साली सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, चौदा कॅरटांहून अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी झाली, आणि देशभर सोनारांच्या हातचे काम गेले. १९६८ साली त्याचा कायदा झाला आणि तो १९९० साली रद्द होईपर्यंत सोन्याशी संबंध असलेल्या प्रत्येकाला जपून पावले टाकावी लागली. आज मोठमोठे यंत्रसज्ज कारखाने तेच काम करू लागले आहेत. हे सारे सांगून झाल्यावर, ‘आता राहायचे असेल तर राहा,’ असे म्हणावे.

हे सांगणे सोपे नाही. पाहुण्यांपुढे तीन दिवस उभी केलेली प्रतिष्ठा चौथ्या दिवशी स्वतःच खाली उतरवावी लागते. मामांच्या मनात शंकाही येते, की हा आपल्या पोराला टाळतो आहे. श्रीमंत झाला, आता नाते नकोसे झाले. त्यामुळे पुष्कळ यजमान गप्प राहतात. पोरगा हसत राहतो, मामा आनंदाने परततात, आणि सहा महिन्यांनी पोर एका रात्री कोणास न सांगता गाडीत बसून गावी निघून जाते. मग दोन घरांत अबोला येतो. यात दोष पोराचाही नसतो आणि धंद्याचाही नसतो. दोष अपुऱ्या पाहुणचाराचा असतो. ज्याला शहराची अर्धीच बाजू दाखविली, त्याला त्या शहरात राहावयास बोलावणे अन्यायाचे होय. उलट, धूर पाहून, वही ऐकून जो राहिला, तो बहुधा टिकतो. आणि जो ‘मला हे जमणार नाही’ म्हणून मामांबरोबर परत गेला, तो दुसरे काही शिकून पुढे येतो, आणि पुढच्या वर्षी पाहुणा म्हणून मोकळ्या मनाने पुन्हा येऊ शकतो.

पाहुण्याकडेही काही कर्तव्ये असतात. यजमानाचे दुकान त्याच्या गैरहजेरीत मंद चालते हे ओळखून दोन दिवस आपण एकटे फिरावे. पेठेत त्याच्याबरोबर असताना सोन्याचा भाव, माल, रक्कम यांविषयी मोठ्याने विचारू नये. तेथल्या भिंतींना मराठी समजत नसली तरी आकडे समजतात. घरातील बाईला एक दिवस चुलीपासून सुटी द्यावी आणि तिलाही बरोबर न्यावे. पाहुण्यांना शहर दाखविण्याची मोटार ठरते तेव्हा तिच्यात जागा अपुरी पडते, आणि मागे राहते ती नेहमी हीच बाई. गुरुवायूरपासून तीस किलोमीटरांवर राहून तेथे एकदाच गेलेल्या स्त्रिया या वसाहतीत आढळणे अशक्य नाही. गावी परतल्यावर जे पाहिले ते सारखे सांगावे: हत्ती सांगावे, तसा धूरही सांगावा.

या पाहुणचाराचा आणखी एक पदर आहे, आणि तो मुलांचा. त्रिशूरमध्ये जन्मलेली गलाईवाल्याची मुले शाळेत मलयाळी बोलतात, घरी माणदेशी. पाहुणे आले की दुभाषे तीच असतात. मामीने शेजारणीला विचारावे आणि आठ वर्षांच्या मुलीने ते दोन्हीकडे पोहोचवावे, असे चालते. बापाने वीस वर्षांत जी भाषा बाजारापुरती शिकली ती मुलगी विहिरीच्या काठावर सहज बोलत असते. आणि दिवाळीत किंवा यात्रेला तीच मुलगी आटपाडीला येते तेव्हा पाहुणी होते. आता मामा यजमान असतात. ते तिला खरसुंडीचा सिद्धनाथ दाखवितात, डाळिंबाची बाग दाखवितात. औंधच्या राजांच्या काळात १९३९ साली आटपाडीजवळ वसविलेली स्वतंत्रपूरची वसाहत दाखवितात, जेथे कैद्यांना भिंतीवाचून, कुलपावाचून, कुटुंबासह शेती करीत राहू दिले गेले. मुलीला या गोष्टी ऐकून माहीत असतात. ती विचारते, ‘नदी कुठं आहे?’ मामा कोरड्या वाळूच्या पात्राकडे बोट दाखवितात. आपण जिच्यावरून चालत आलो तीच माणगंगा, हे तिला पटत नाही.

पूर्वी मामांनी तेथेच विषय बदलला असता. अलीकडे मात्र ते तिला पुढे नेतात. कऱ्हाडजवळच्या टेंभू येथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून या कोरड्या तालुक्यांत आणण्याची योजना १९९६ साली हाती घेतली गेली. पुष्कळ वर्षे लोक मोर्चे काढीत आणि परिषदा भरवीत राहिले, आणि पाणी सर्वांना सारख्या हिश्शाने मिळावे अशी मागणी याच आटपाडी तालुक्यातून पुढे आली. आता त्या पाण्याने तलाव भरले जातात. ते पाणी प्रत्येक शिवारात पोहोचले आहे असे नव्हे. परंतु मामांना ते आपल्या पाहुणीला दाखविता येते. जे आहे ते आणि जे नाही ते, दोन्ही.

आज मराठी घरांतील मुले त्रिशूर-दिल्लीच नव्हे, तर समुद्रापलीकडेही स्थायिक झाली आहेत. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झाले, उत्तर अमेरिकेतील मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली. त्या घरीही उन्हाळ्यात आई-वडील, मित्र, मित्रांची मुले जातात. धबधबे, उंच इमारती, वस्तुसंग्रहालये पाहून येतात, आणि आणलेली छायाचित्रे शेजाऱ्यांना दाखवितात. छायाचित्रांत नसते ते असे: घराचे हप्ते, परवान्याची मुदत, हिवाळ्यातील चार वाजताचा अंधार, आजारपणात दाराशी न येणारा शेजारी. हे ऐकण्याचा हक्क तेथे जाऊ इच्छिणाऱ्या पुढच्या मुलाला आहे. ते सांगण्याची लाज यजमानाला वाटू नये, आणि ऐकून त्याची किंमत कमी करण्याची बुद्धी पाहुण्याला होऊ नये.

आटपाडीच्या गलाईवाल्यांचे शहाणपण पोटाच्या अनुभवातून आलेले आहे. त्यांच्या घरी निघण्याच्या दिवशी पाहुण्याच्या हाती केळ्यांचे वेफर, नारळ आणि एखादे मुंडू बांधून देतात. स्थानकावर गाडी येईपर्यंत बोलणे होते ते पावसाचे. भाचा राहिला असेल तर तो बापासाठी निरोप सांगतो. राहिला नसेल तर तोच पिशव्या उचलून गाडीत ठेवतो. यजमान फलाटावर उभा राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहतो, आणि मग दुकानाकडे वळतो. चार दिवस भट्टी थंड आहे, आणि सराफाचा माणूस सकाळपासून दोनदा येऊन गेलेला आहे.